‘ऐ’ची ओळख : ध्वनीकडून अक्षराकडे

स्वरांची ओळख करून देताना ‘ऐ’ हे अक्षर आपण बहुधा घाईने उरकतो. ‘अ’ला अननस मिळतो, ‘आ’ला आई, ‘उ’ला उंदीर, ‘ऐ’च्या वाट्याला मात्र पिढ्यान्‌पिढ्या लोहाराची ऐरण आलेली आहे. ज्या मुलाने लोहाराचा भाता कधी पाहिला नाही, त्याच्या दृष्टीने ऐरणीचे चित्र म्हणजे एक काळा ठोकळा. तिच्या जागी ऐरावत आणावा, तर चित्रात हत्तीच दिसतो आणि मूल बिनचूक ‘ह’ म्हणते. ह्यात चित्रकाराचा काही दोष नाही. ‘ऐ’ने आरंभ होणारे आणि चित्रात मावणारे शब्द मराठीत मुळातच थोडे. ऐट, ऐपत, ऐवज, ऐन, ऐसपैस हे शब्द रोजच्या व्यवहारातले खरे; पण ऐपतीचे चित्र काढावयाचे कसे?

उलट, शब्दाच्या पोटात पाहिले तर हाच ध्वनी घरभर सापडतो. बैल, पैसा, कैरी, मैना, थैली, मैदान, पैंजण, पैठणी, बैठक, मैत्रीण, वैरण, पैलवान अशी यादी पहिलीतले मूलही सांगू शकेल. तेव्हा ‘प्रथम सुटे अक्षर, मग त्याने सुरू होणारा शब्द, मग मात्रा’ हा जो क्रम इतर स्वरांना सोयीचा पडतो, तो ‘ऐ’च्या बाबतीत उलटा करणे इष्ट. आधी बैल, कैरी, पैसा, त्यांतून ‘दोन मात्रां’चा ध्वनी, आणि सुटा ‘ऐ’ सर्वांत शेवटी.

महाराष्ट्राबाहेर मराठी शिकविणाऱ्यांना हा प्रश्न अधिक जाचतो, आणि त्याचे कारण केवळ चित्राचे नाही. मराठीतला ‘ऐ’ हा संयुक्त स्वर आहे. ‘अ’पासून निघून जीभ ‘इ’कडे जाते, आणि ह्या प्रवासालाच आपण ‘ऐ’ म्हणतो. प्रमाण हिंदीत हा प्रवास बहुतेक शब्दांत नाहीसा झालेला आहे. तेथे ‘पैसा’, ‘बैल’, ‘कैसा’ ह्यांतला स्वर एकच, लांब आणि उघडा असतो. मराठी कानाला तो जवळजवळ ‘पॅसा’, ‘बॅल’ असा लागतो. इंदूरच्या बाजारी बोलीत, माळवीच्या संस्कारामुळे, तोच स्वर ‘ए’कडे आणखी झुकतो, ‘और’चे ‘ओर’ होते, त्याच चालीने. अवधी, भोजपुरी ह्या पूर्वेकडील बोलींत मात्र ‘पइसा’ असा मराठीला जवळचा उच्चार टिकून आहे. माळव्यात कच्च्या आंब्याला कैरीच म्हणतात. म्हणजे मुलाच्या हातातले फळ एक, त्याचे लेखन एक, आणि आजीच्या तोंडचा ध्वनी एक, तर शाळेतला दुसरा.

आता अशा मुलाची स्थिती लक्षात घ्यावी. सकाळी हिंदी शाळेत ज्या उच्चाराबद्दल त्याला शाबासकी मिळते, त्याच उच्चाराबद्दल सायंकाळच्या मराठी वर्गात त्याची चूक काढली जाते. दोन्ही ठिकाणी अक्षर तेच, मात्रा त्याच दोन. दोन गुरुजींपैकी एक खोटे सांगत आहेत, असा तर्क ते मूल करते. आणि ज्या भाषेची परीक्षा नसते त्या भाषेच्या गुरुजींवरचा विश्वास आधी उडतो. सुटीत मुंबई-पुण्याकडे गेल्यावर चुलतभावंडे त्याच्या ‘पॅशां’ना हसली, की मराठी बोलण्याची त्याची हौसही आटते. म्हणून ह्या वर्गात ‘तुझे चुकले’ हे वाक्य वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘हिंदीत असे म्हणतात, मराठीत असे’ एवढे सांगावे. सहा वर्षांच्या मुलाला हे पुरते कळते. घरी ‘पाणी’ आणि बाहेर ‘पानी’ हा भेद त्याने कोणी न शिकविताच पेललेला असतो.

सुदैवाने हिंदी बोलणाऱ्या मुलाजवळ हवा तो ध्वनी मुळात असतोच. हिंदीत ‘य’च्या आधी आलेला ‘ऐ’ आपल्यासारखाच उच्चारला जातो : भैया, मैया, नैया, गवैया. तसेच ‘गई’, ‘नई’, ‘कई’ हे शब्दही त्याच्या तोंडी सदैव असतात. तेव्हा पाठाचा आरंभ ‘भैया’ने करावा. ‘भैया’ म्हणावयास सांगावे, मग शेवटचा ‘या’ गिळून नुसते ‘भै’. त्याच तोंडाने ‘बै’, आणि ‘बै’ला ‘ल’ जोडला की मराठी बैल उभा राहिला. ‘कई’ चटकन म्हणून त्यापुढे ‘री’ ठेवली की कैरी. नवा ध्वनी शिकविण्यापेक्षा असलेला ध्वनी नव्या जागी ठेवणे नेहमीच सोपे असते. आरसा जवळ असेल तर उत्तम (आरशाला ‘ऐना’ असाही शब्द मराठीत आहे, तो ह्याच वेळी सांगून टाकावा). ‘ए’ म्हणताना आरशात तोंड स्थिर दिसते. ‘ऐ’ म्हणताना जबडा वर सरकतो. ‘ए’ कितीही ताणला तरी ‘ए’च राहतो, ‘ऐ’ ताणला की त्याचे टोक ‘ई’त जाऊन थांबते. मुलांना हा ताणण्याचा खेळ फार आवडतो. वर्गात थोडा गोंगाट होतो, तो सोसावा.

कान तयार झाला की नाही, हे पाहावयास जोडशब्द घ्यावेत. बेल आणि बैल, पेज आणि पैज, मेना आणि मैना, देव आणि दैव, शेव आणि शैव. ह्यांतल्या कोणत्या जोड्या घ्यावयाच्या, हे मुलांच्या घरावर ठरवावे. गोमंतकातल्या मुलाला पेज सांगावी लागत नाही, तिच्याशेजारी ‘पैज’ आपोआप बसते. माळव्यातल्या मुलाला मात्र आधी पेज म्हणजे काय ते सांगण्यातच पाठ संपेल, त्याला बेल-बैल पुरे. शिक्षकाने तोंडाने शब्द म्हणावा आणि मुलांनी चित्र उचलून दाखवावे. ह्या टप्प्यावर पाटीपेन्सिलीला हात लावू देऊ नये.

हिंदी आणि मराठी ह्यांच्या लेखनात आणखी एक गंमत आहे. मराठीत आपण बॅट, गॅस, टॅक्सी, मॅच असे लिहितो. हिंदीत हेच शब्द बैट, गैस, टैक्सी, मैच असे लिहिले जातात, कारण हिंदीचा ‘ऐ’ त्या इंग्रजी स्वराला जवळचा पडतो. त्यामुळे ग्वाल्हेरच्या मुलाने मराठी वहीत ‘बैट’ लिहिले, तर त्याचे ध्वनिज्ञान शाबूत आहे असेच समजावे. त्याला फक्त मराठीतली निराळी खूण ठाऊक नाही. महाराष्ट्र शासनाच्या 2009 सालच्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ह्यांना मराठी वर्णमालेत रीतसर स्थान मिळाले, त्याचा उपयोग आपल्या वर्गांना महाराष्ट्रातल्या वर्गांहूनही अधिक आहे. ‘ॲ’ आणि ‘ऐ’ शेजारी-शेजारी शिकवावेत : बॅट–बैल, गॅस–गैर, मॅच–मैल. हिंदीत जे काम एक अक्षर करते ते मराठीत दोघे वाटून घेतात, हे मुलाला एकदा दिसले की पुढचा घोटाळा पुष्कळसा टळतो. ‘बँक’ हा शब्द मात्र जपून घ्यावा. त्यावरचा अर्धचंद्र आणि अनुस्वार मिळून हिंदीतल्या चंद्रबिंदूसारखे दिसतात, आणि मूल तो शब्द नाकात वाचते.

इतर ठिकाणी अडचण एवढी नाही. कन्नडात आणि तेलुगूत ‘ऐदु’ म्हणजे पाच; तेव्हा बेळगाव किंवा हैदराबादच्या मुलाने हा ध्वनी अंक मोजतानाच आत्मसात केलेला असतो. त्याला मराठीतून ‘ऐंशी’ द्यावा. ऐंशीपासून अठ्ठ्याऐंशीपर्यंतच्या नऊही संख्यांत ‘ऐ’ येतो, म्हणजे अंकांच्या तासाला अक्षराचाही पाठ होतो. गुजरातीत ‘पैसा’चा उच्चार मराठीसारखाच आहे, बडोद्यात ध्वनीची तक्रार नाही, अडते ते लेखनात. गोमंतकात कोकणी बोलणारे मूल ‘ऐक’ला ‘आयक’ म्हणते. ते ऐकून दचकण्याचे कारण नाही. जुन्या मराठीतही ‘आइकणे’ असेच रूप आढळते.

आता आकृतीविषयी. ‘ऐक’च्या जागी ‘एक’ आणि ‘एक’च्या जागी ‘ऐक’ ही चूक इतकी सार्वत्रिक आहे, की तिचा दोष मुलांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आपण सांगतो, ‘के’वर एक मात्रा, ‘कै’वर दोन. मूल हे पाठ करते. पुढे सुटा स्वर येतो तेव्हा ‘ए’वर एकही मात्रा नसते आणि ‘ऐ’वर असते ती एकच! एका मात्रेचा अर्थ ‘ए’ असे शिकलेले मूल ‘ऐक’ हा शब्द ‘एक’ असा वाचणारच. गुजराती लिपीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे ‘अ’वर एक मात्रा दिली की ‘ए’ आणि दोन दिल्या की ‘ऐ’. बडोद्याच्या मुलाला देवनागरीचा ‘ऐ’ म्हणूनच अधिक फसवा वाटतो. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पुरस्कारिलेल्या ‘अ’च्या बाराखडीतही ‘अे’ आणि ‘अै’ अशीच रूपे होती. ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या जुन्या अंकांत ती छापलेली पाहावयास मिळतात. ती बाराखडी रूढ झाली नाही, ह्याचे इतरांना काही वाटो. पहिलीच्या शिक्षकाला हळहळ वाटावी अशीच ती गोष्ट आहे. असो. उपाय एवढाच, की ‘ए’ची आकृती शिकविताना ‘ह्याची एक मात्रा पोटात आहे’ असे सांगावे. डोक्यावर दिसते ती दुसरी. हे लिपीच्या इतिहासाला धरून नाही, हे मान्य. पण मुलाची मोजणी ह्याने जुळते.

लेखन सुरू झाल्यावर ‘ऐ’चे तीन शेजारी पुढे येतात आणि खरी कसोटी तेथे लागते. पहिला शेजारी ‘अय’. वय, जय, भय हे शब्द मूल ‘वै’, ‘जै’, ‘भै’ असे लिहिते, आणि कानाशी ते प्रामाणिक असते. त्याला प्रत्यय लावावयास सांगावे : वयाचा, जयाचा, भयाने. प्रत्यय लागताच ‘य’ स्वच्छ ऐकू येतो. दुसरा शेजारी शब्दाच्या शेवटी येणारा ‘अई’ : समई, कढई, चटई, रजई, सुरई. येथे कान काहीच मदत करीत नाही. ‘मुंबई’ आणि ‘मुंबै’ ह्यांच्या उच्चारात फरक दाखवा म्हटले तर मोठ्यांनाही दाखविता येणार नाही. ही केवळ लेखनाची रूढी आहे असे स्पष्ट सांगून टाकावे, आणि घरातल्या अशा वस्तूंची यादी फळ्यावर टांगावी. शब्दाच्या आरंभी व मध्ये ‘ऐ’, अखेरीस बहुधा ‘अई’, एवढे धोरण लहान मुलास पुरते.

तिसरा शेजारी सर्वांत लबाड. महिना, पहिला, वहिनी हे शब्द घाईत बोलले की ‘मैना’, ‘पैला’, ‘वैनी’ होतात. ‘मैना’ लिहिणाऱ्या मुलाने तर दुसराच खरा शब्द लिहिलेला असतो, म्हणून ही चूक तपासताना नजरेतून निसटतेही. शब्द सावकाश म्हणविला की ‘ह’ वर येतो. हिंदी शाळेतल्या मुलाला येथे हिंदीचा आधार मिळतो, कारण ‘महीना’ आणि ‘पहला’ ह्यांतला ‘ह’ त्याने लिहिलेला असतो. गोमंतकात उलट घडते : कोकणी लेखनात ‘पयलो’ असे शिष्टसंमत रूप आहे, त्यामुळे मराठीतला ‘पहिला’ तेथे वेगळा सांगावा लागतो.

वरच्या वर्गांत, साधारण चौथी-पाचवीत, ह्याच अक्षराकडे पुन्हा एकदा वळण्याजोगे आहे. इतिहास–ऐतिहासिक, इच्छा–ऐच्छिक, एक–ऐक्य, दिन–दैनिक, सेना–सैनिक, वेद–वैदिक ह्या जोड्या मांडल्या की मुलांना नियम स्वतःच दिसू लागतो. संस्कृत व्याकरणातली ही वृद्धी. पाणिनीचे पहिलेच सूत्र तिच्याविषयी आहे, हे मुलांस सांगण्याची गरज नाही, शिक्षकाने जाणावे. चित्रा नक्षत्रावरून चैत्र आणि विशाखेवरून वैशाख आला, हे मात्र अवश्य सांगावे. महिन्यांची नावे भिंतीवर असतातच, त्यांतली ‘ऐ’वाली शोधावयास लावावीत. इंग्रजी महिन्यांतला ‘जुलै’ तेवढा अखेरीच्या ‘ऐ’चा अपवाद म्हणून हाती लागतो, आणि एखादे चौकस मूल ‘मग जुलई का नाही?’ असे विचारते. गोमंतकातल्या वर्गात ‘पै’ आडनावाचे मूल असेल, तर ते ह्या प्रश्नात आपलेही नाव आणते. दोघांनाही ‘असेच लिहितात’ ह्यापलीकडे देण्याजोगे उत्तर नाही.