गुन्हेगाराच्या सबबी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘दारू प्यायलो होतो’, ‘तिनंच मला भडकवलं’, ‘एवढं काय लागलं तिला?’ गुन्हेगारांच्या सुधारणा कार्यक्रमांत अशी वाक्यं हमखास ऐकू येतात. ऐकणाऱ्याला संताप येतो, तो रास्तच आहे. पण या सबबींचं करायचं काय, हे संतापाच्या भरात ठरवून चालत नाही.

गैरसमज : सबबी देतो तो निर्ढावलेला.
वस्तुस्थिती : अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड मात्झा यांनी १९५७ मध्ये सबबींचे पाच प्रकार मांडले : जबाबदारी झटकणं, इजा नाकारणं, पीडितालाच दोष देणं, बोट दाखवणाऱ्यांवर उलटणं आणि ‘दोस्तासाठी केलं’ म्हणणं. त्यांचा मुद्दा असा, की समाजाचे नियम मनाला पटलेले असतात, म्हणूनच ते मोडताना सबब लागते.

गैरसमज : कबुली दिल्याशिवाय सुधारणा अशक्य.
वस्तुस्थिती : लैंगिक गुन्हेगारांवरील ६१ अभ्यास संशोधक हॅन्सन आणि बुसिएर यांनी १९९८ मध्ये एकत्र तपासले. गुन्हा नाकारणं आणि पुन्हा लैंगिक गुन्हा करणं यांत ठोस संबंध आढळला नाही.

गैरसमज : सबबी खोडून काढल्या की धोका टळला.
वस्तुस्थिती : इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांतल्या एका सुधारणा कार्यक्रमात लैंगिक गुन्हेगारांना गटासमोर गुन्ह्याची हकिगत सांगायला लावून त्यातल्या सबबी खोडल्या जात. २०१७ च्या सरकारी मूल्यमापनात या कार्यक्रमातून गेलेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला, न गेलेल्या तुलनागटात ८ टक्क्यांनी. याचं खापर एकाच पद्धतीवर फोडता येणार नाही. पण कार्यक्रम बंद झाला. त्याच्या जागी आलेल्या ‘होरायझन’ कार्यक्रमात गुन्हा नाकारणाऱ्यांनाही प्रवेश देण्यात आला.

गैरसमज : म्हणजे सबबी मान्यच करायच्या.
वस्तुस्थिती : मुळीच नाही. ‘दारू प्यायलो होतो’ म्हणणाऱ्याशी समुपदेशक वाद घालत बसत नाही. तो विचारतो, ‘पिऊन घरी गेलात की काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग पुढच्या पगाराच्या दिवशी काय कराल?’ सबब मागच्या गुन्ह्याची असते, जबाबदारी मात्र पुढच्या दिवसाची घ्यावी लागते. ‘बायकोला मारणं हा नवऱ्याचा हक्कच’ ही मात्र सबब नव्हे, समजूत आहे. ती पुढचा गुन्हा घडवू शकते, म्हणून तिला तिथल्या तिथे आव्हान द्यावंच लागतं.

गुन्ह्याचा न्याय कोर्टात होतो. सुधारणा कार्यक्रमाचं काम पुढचा बळी वाचवण्याचं आहे, आणि त्याचं यशापयश त्याच कसोटीवर ठरवायला हवं.