वणव्याची होरपळ उपग्रहावरून कशी मोजतात?

मार्च २०२३ मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्यात वणवे पेटले. ते विझवण्यासाठी नौदल आणि वायुदलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. म्हादईचा उगम आपल्या खानापूर तालुक्यातला. डोंगराच्या या बाजूलाही उन्हाळ्यात वणवे लागतातच. अशा वेळी 'अमुक हेक्टर जंगल जळाले' एवढे आपण वर्तमानपत्रात वाचतो. पण जळाले म्हणजे नेमके काय? नुसता पाचोळा, की उभी झाडेही? या प्रश्नाचे उत्तर शोधायला उपग्रह मदत करतात. त्यांचे काम दोन टप्प्यांत चालते.

आग पेटलेली असताना

तापलेल्या वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडतात. अमेरिकन उपग्रहांवरील 'मोडिस' आणि 'व्हिअर्स' ही उपकरणे ते टिपतात. मोडिसच्या चित्रातील एक ठिपका साधारण १ किलोमीटर लांब-रुंद असतो, तर व्हिअर्सचा ३७५ मीटर, म्हणजे सुमारे ३५ एकरांचा. ठिपक्यातून दर सेकंदाला किती ऊर्जा बाहेर पडते, हे मेगावॉटमध्ये काढतात. ही झाली आगीची तीव्रता. याच नोंदींच्या आधारे डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था वन खात्याला सूचना पाठवते. नोंदणी केल्यास सामान्य नागरिकालाही त्या मोबाईलवर मिळतात.

आग विझल्यानंतर

नुकसान मोजण्याची रीत आम्हा बँकवाल्यांना लगेच पटेल अशी आहे: आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक यांतला फरक काढायचा. हिरवे पान जवळचे अवरक्त किरण भरपूर परावर्तित करते. लघुलहरी अवरक्त किरण मात्र पानातले पाणी शोषून घेते. जळालेल्या जमिनीवर नेमके उलटे होते. म्हणून या दोन आकड्यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागतात. या गुणोत्तराला 'एनबीआर' म्हणतात.

समजा, आगीपूर्वी हे आकडे ०.४० आणि ०.१० होते. वजाबाकी ०.३०, बेरीज ०.५०, गुणोत्तर ०.६०. आगीनंतर ते ०.२० आणि ०.२५ झाले, तर गुणोत्तर उणे ०.११. दोन्हींतला फरक ०.७१. प्रचलित कोष्टकानुसार ०.१० पेक्षा कमी फरक म्हणजे जवळजवळ न जळलेले, ०.२७ पर्यंत सौम्य, ०.६६ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र होरपळ. आपल्या उदाहरणातला तुकडा तीव्र गटात गेला. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रांवरून हा हिशेब २० मीटरच्या ठिपक्याला, म्हणजे जेमतेम चार गुंठ्यांना, करता येतो.

आपल्याकडची अडचण

हे कोष्टक उत्तर अमेरिकेतील जंगलांवरून तयार झाले. तिकडे आग पुष्कळदा शेंड्यापर्यंत चढते. सह्याद्रीत ती बहुधा जमिनीलगत सरकते. पाचोळा, गवत आणि रोपटी जळतात, पण वरची झाडी हिरवीच राहते. आकाशातून पाहणाऱ्या उपग्रहाला नुकसान 'सौम्य' दिसते. प्रत्यक्षात जंगलाची पुढची पिढी गेलेली असते. उलट, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानझडीची झाडे आपोआप उघडी पडतात आणि न जळताही आकडा बदलतो. म्हणून मागील वर्षीच्या त्याच दिवसांतील चित्राशी तुलना करणे बरे. शिवाय काही ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन खातरजमा करावीच लागते. वह्या जुळल्या तरी तिजोरी मोजल्याशिवाय चालत नाही, तसेच हे.

हा खटाटोप कशासाठी?

तीव्र होरपळलेल्या उतारावर माती धरून ठेवायला काही उरत नाही. जूनचा पहिला मोठा पाऊस ती ओढ्यात नेतो. असे उतार एप्रिल-मे महिन्यातच नकाशावर कळले, तर बांधबंदिस्ती कुठे आधी करायची ते ठरवता येते. सगळ्या डोंगरावर एकदम काम करण्याइतका पैसा आणि माणसे कोणाकडेच नसतात.

आग कोणी लावली, हे मात्र उपग्रह सांगत नाही. ती कुठे दिसली, कधी दिसली आणि मागे काय उरले, एवढेच तो सांगतो. सेंटिनेलची चित्रे इंटरनेटवर विनामूल्य मिळतात आणि गणित आठवीच्या मुलाला जमेल इतके सोपे आहे. आपल्या सभासदांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी खानापूरच्या जंगलाचा असा नकाशा या उन्हाळ्यात जरूर करून पाहावा.