पडवीच्या कडेला लाल गुलाब

दिवाळी सरली की रोपवाल्यांकडे बुटके, लाल फुलांनी लगडलेले गुलाब दिसू लागतात. लोक त्यांना ‘बटन गुलाब’ म्हणतात. पेण किंवा रोह्याच्या घरी आलेले असे रोप थंडीभर फुलते, उन्हाळा कसाबसा काढते आणि गौरी-गणपतीपर्यंत त्याच्या पाने झडलेल्या काळपट काड्या तेवढ्या उरतात. मग घरात एकमत होते, की कोकणात गुलाब होत नाही.

निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष मात्र घाईचा. रायगड जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. घाटमाथ्यापलीकडे पुणे शहरात हाच आकडा ७०० च्या आगेमागे असतो. कोकणात गुलाबाला मुख्यतः मारते ती ही ओल. मुळांना हवा मिळत नाही, पाने सुकत नाहीत आणि झाड आतून खचत जाते. जमिनीत लावलेला गुलाब या ओलीतून उचलून नेता येत नाही. दहा इंची कुंडी मात्र एका हाताने पडवीत आणता येते. म्हणूनच पेण-रोह्यासाठी कुंडीतला बुटका गुलाब हीच गुलाबाची सर्वांत योग्य जात ठरते, जागा कमी असो वा नसो.

या बुटकेपणाचा आणि लाल रंगाचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. अठराव्या शतकापर्यंत युरोपातले बहुतेक गुलाब वर्षातून एकदाच फुलत. १७९० च्या दशकात चिनी बागांमधला एक ठेंगणा, गडद लाल गुलाब इंग्लंडमध्ये पोचला आणि ‘स्लेटर्स क्रिमझन चायना’ या नावाने प्रसिद्ध झाला. तो पुन्हा पुन्हा फुलत असे. अशा गुलाबाची प्रत्येक नवी फूट कळीवर येऊन थांबते, उंच वाढत जात नाही. बारमाही फुलणे आणि आटोपशीर राहणे यांचे नाते इथे आहे. फूल खुडले की खालचा डोळा फुटतो आणि त्या फुटीच्या टोकाला पुन्हा कळी येते.

त्यापुढचा टप्पा तर कुंडीतच घडला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूले नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात, खिडक्यांवर ठेवलेल्या कुंड्यांत, वीतभर उंचीचा चिनी गुलाब सापडला. वनस्पतितज्ज्ञ हेन्री कोरेव्हाँ यांनी त्याला ‘रूलेती’ हे नाव दिले. हॉलंडमधल्या बॉस्कोप गावच्या यान द विंक यांनी ‘रूलेती’चा संकर ‘ग्लोरिया मुंडी’ या नारिंगी-लाल गुलाबाशी केला. त्यातून जन्मलेला, पांढऱ्या बुडाचा छोटा लाल गुलाब १९३६ मध्ये अमेरिकेत ‘टॉम थंब’ नावाने विकला गेला आणि कुंडीतल्या गुलाबांची लाट आली. पुढे कॅलिफोर्नियातल्या राल्फ मूर यांनी आपले दीर्घ आयुष्य अशाच छोट्या गुलाबांच्या पैदाशीत घालवले. लोंबत्या फांद्यांचा ‘रेड कॅस्केड’ हा त्यांचाच.

   

आता कुंडीकडे येऊ. बटन गुलाबाला आठ ते दहा इंची आणि झुपकेदार फुलांच्या फ्लोरिबंडाला बारा इंची कुंडी पुरते. मातीची कुंडी उत्तम, कारण तिच्या भिंतीतून ओल बाहेर पडते. तळाच्या भोकावर खापरीचे तुकडे ठेवावेत आणि कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी, नाहीतर शहाबादी फरशीला टेकलेले भोक बंदच होते. भरताना दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड रेती किंवा भाताचे तूस घ्यावे. पेण तालुका भाताचा आणि पोह्यांचा असल्याने तूस मिळायला अडचण नाही. मूठभर निंबोळी पेंड घातली की मिश्रण तयार.

रोप विकत आणल्यावर एक गोष्ट आवर्जून पाहावी. घाटावरून येणारी बरीच रोपे चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात बांधलेली असतात. पुण्याच्या कोरड्या हवेत तो गोळा चालून जातो. कोकणच्या पावसात तो आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि मुळे कुजतात. लावताना गोळ्याची बाहेरची माती हलक्या हाताने सुटी करावी. कलमी रोप असेल तर डोळा भरलेली गाठ मातीच्या वर राहू द्यावी आणि तिच्या खालून येणारे खुंटाचे फुटवे मुळापासून काढावेत. बटन गुलाब बहुधा काडीवर सहज रुजतो, त्यामुळे त्याला खुंटाची भानगड नसते. पावसाळ्यातल्या दमट हवेत बोटभर काड्या आडोशाला रेतीत खोचल्या, तर महिन्याभरात त्यांना मुळे येतात.

पेणच्या पश्चिमेला, धरमतर खाडीकडच्या वाशी-शिर्कीच्या खारेपाटात प्रश्न वेगळा आहे. तिथली जमीन खारी आणि गुलाबाला खार अजिबात सोसत नाही. पानांच्या कडा करपतात, वाढ खुंटते. अशा ठिकाणी बाहेरून आणलेल्या गोड मातीने भरलेली कुंडी हाच मार्ग. पाणीही साठवलेले पावसाचे किंवा नळाचे घालावे. कुंडीच्या काठावर पांढरे पापुद्रे दिसले तर ते क्षार समजावेत आणि भरपूर गोड पाणी घालून ते भोकावाटे वाहून जाऊ द्यावेत. रोह्याकडच्या जांभ्याच्या उताराच्या मातीत निचरा चांगला, पण ती आम्ल असते आणि तिच्यातला स्फुरद झाडाला सहज मिळत नाही. तिथे शेणखताबरोबर हाडांचा चुरा घातल्याचा फायदा होतो.

पावसाळ्यातला मोठा शत्रू काळ्या ठिपक्यांचा रोग. त्याच्या बुरशीला पानात शिरायला पान सलग सात तासांच्या आसपास ओले राहावे लागते. रायगडच्या जुलैत अशी रात्र रोजचीच. कुंड्या कौलांच्या किंवा पत्र्याच्या आत घ्याव्यात, पण उजेडाच्या कडेला. पागोळ्यांच्या रेषेत ठेवलेल्या कुंडीवर उघड्या अंगणातल्यापेक्षाही जास्त पाणी पडते, शिवाय उडणाऱ्या मातीबरोबर रोगही पानांवर चढतो. दोन कुंड्यांत हातभर अंतर असावे. ठिपक्यांची पाने खुडून कुंडीतली पडलेली पानेही उचलावीत. या काळात खत बंद ठेवावे आणि माती वरून सुकल्याशिवाय पाणी घालू नये.

छाटणीचा मुहूर्त रोहेकरांना लक्षात ठेवायला सोपा आहे. दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांची पालखी निघते, तोवर पाऊस ओसरलेला असतो. त्यानंतर, ऑक्टोबरच्या मध्याला, वाळक्या आणि काळ्या पडलेल्या फांद्या पांढरे लाकूड दिसेपर्यंत कापाव्यात आणि उरलेले झाड निम्म्यावर आणावे. काप बाहेरच्या बाजूला पाहणाऱ्या डोळ्याच्या वर, तिरका असावा. मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट लावावी. मग कुंडी अशा जागी हलवावी जिथे सकाळचे पाच-सहा तास ऊन मिळेल. साधारण ४५ ते ५० दिवसांत बहर येतो.

हे गणित पेणमध्ये विशेष उपयोगी पडते. मूर्तिकारांच्या या गावात भाद्रपदातल्या गणपतीला अंगणातला गुलाब मिळणे अवघड. तेव्हा मान जास्वंदीचाच. पण माघी गणेश जयंती जानेवारी-फेब्रुवारीत येते आणि तो इथल्या गुलाबाचा भर हंगाम असतो. पहिला बहर ओसरल्यावर, जयंतीच्या सात आठवडे आधी फांद्या हलक्या छाटल्या, तर घरच्या लाल फुलांचा हार करता येतो.

लाल रंगाला थंडी मानवते. पाकळ्यांतले अँथोसायनिन हे रंगद्रव्य गार रात्रींत जास्त तयार होते, म्हणून डिसेंबरातले फूल गडद आणि एप्रिलमधले फिकट दिसते. गडद पाकळ्यांच्या कडा दुपारच्या उन्हात करपतात. मार्चनंतर कुंड्यांना दुपारी सावली द्यावी, मातीवर नारळाच्या सोडणांचे तुकडे अंथरावेत आणि पानांच्या मागे लाल कोळी दिसला तर सकाळी तिथे पाण्याचा जोरदार फवारा मारावा. थंडीतल्या भुरीवर पाण्यात विरघळणारे गंधक आणि माव्यावर निंबोळी अर्क सहसा पुरतो.

राहतो प्रश्न वाणांचा. गुलाबांना भारतीय हवेशी जुळवण्याचे काम दिल्लीत डॉ. बी. पी. पाल यांनी केले, आणि कोडाईकनालमध्ये विरू व गिरिजा वीरराघवन यांनी ‘रोझा क्लिनोफिला’ हा पाण्याकाठचा भारतीय रानगुलाब संकरात वापरला. ओल सोसणाऱ्या गुलाबांची ही दिशा कोकणाला जवळची आहे. रोह्याजवळ किल्ला येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि ते दापोलीच्या ज्या कोकण कृषी विद्यापीठाशी जोडलेले आहे ते १९७२ पासून याच हवेतल्या शेतीचा अभ्यास करते. छोट्या लाल गुलाबांची चाचणी इथल्या पावसात व्हायला हवी. तोवर सुरुवात घरूनच करता येईल. रोपवाल्याकडून ‘बटन गुलाब’ एवढ्यावर न थांबता वाणाचे नाव मागावे, ते कुंडीवर लिहावे आणि दर सप्टेंबरला कोणत्या झाडाची पाने टिकली याची नोंद ठेवावी. शेजारच्या चार घरांनी तसे केले, तर दोन-तीन पावसाळ्यांत पेण-रोह्याच्या अंगणांसाठी खात्रीच्या वाणांची यादी हाती येईल आणि टिकलेल्या झाडांच्या काड्या घरोघरी वाटता येतील.