आडनावाचा वारसा आणि रक्ताचा वारसा

मनुष्य जन्माला येतो तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचे असे काही नसते. पण आडनाव मात्र त्याची वाट पाहत तयार असते. शेती, वाडा, पैसाअडका यांची वाटणी होते, कर्जापायी ते जातातही. आडनावाची मात्र वाटणी होत नाही. ते प्रत्येक मुलाला अखंड मिळते. त्यामुळेच एक नाव म्हणजे एक घराणे आणि एक घराणे म्हणजे एक रक्त, हे समीकरण जगातील बहुतेक समाजांनी फारशी चौकशी न करता मान्य करून टाकले आहे. या समीकरणाची शास्त्रीय कसोटी पाहण्याचे काम इंग्लंडमध्ये गेल्या काही दशकांत झाले. त्यातून जे हाती आले ते कुलाभिमानी मंडळींना सुखावणारे आहे आणि अस्वस्थ करणारेही आहे.

इंग्रजी आडनावे आपण समजतो तितकी पुरातन नाहीत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले तेव्हा तेथील सामान्य माणसाला एकच नाव असे. विजेत्या सरदारांनी आपल्या जहागिरींची नावे धारण केली, आणि पुढील दोन-तीन शतकांत ही चाल खाली झिरपत शेतकऱ्या-कामकऱ्यांपर्यंत पोहोचली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक इंग्रज कुटुंबांत आडनाव वंशपरंपरागत झाले होते. १३७९ सालच्या डोईपट्टीच्या याद्यांत ही नावे ओळीने नोंदलेली दिसतात. कोणी धंद्यावरून स्मिथ, म्हणजे लोहार, झाला. कोणी बापाच्या नावावरून जॉन्सन झाला. कोणी अंगलक्षणावरून शॉर्ट, तर कोणी राहत्या जागेवरून हिल किंवा वुड झाला. १५३८ पासून प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम निघाला आणि नावांना कागदाचा आधार मिळाला. त्यापूर्वीचा काळ मात्र वंशावळी लिहिणाऱ्यांना बहुतांशी अंधाराचाच राहिला.

या अंधारात दिवा नेला तो जीवशास्त्राने. पुरुषाच्या प्रत्येक पेशीत 'वाय' नावाचे एक गुणसूत्र असते. ते फक्त बापाकडून मुलाकडे जाते. मुलीकडे जातच नाही. इतर गुणसूत्रांची प्रत्येक पिढीत सरमिसळ होते, परंतु वाय गुणसूत्राचा बहुतेक भाग जसाच्या तसा पुढे जातो. अधूनमधून त्यात एखादा बारीक बदल घडतो आणि तो बदलही पुढच्या वंशजांत कायम राहतो. म्हणजे आडनाव ज्या वाटेने चालते नेमक्या त्याच वाटेने हे गुणसूत्र चालते. एक वारसा समाजाने दिलेला, दुसरा निसर्गाने दिलेला. दोहोंचा मार्ग एकच. मग एका आडनावाच्या सर्व पुरुषांत एकच वाय गुणसूत्र सापडावयास नको काय?

हा प्रश्न ऑक्सफर्डचे आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन सायक्स यांनी आपल्याच आडनावाला विचारला. 'साइक' म्हणजे माळरानावरचा ओहोळ. उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात हा शब्द सर्वत्र ऐकू येत असे आणि असे ओहोळही तेथे शेकड्यांनी आहेत. (आपल्याकडेही ओहोळ हे आडनाव आढळतेच.) सायक्स हे नाव महाराष्ट्रालाही अगदी अपरिचित नाही. मुंबई लष्करातील कर्नल विल्यम हेन्री सायक्स हे यॉर्कशरमध्येच १७९० साली जन्मले होते. त्यांनी दख्खनची आकडेवारी गोळा केली आणि येथील पक्ष्यांची सूची १८३२ साली प्रसिद्ध केली. दख्खनच्या माळावरील चंडोलाची एक जात आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

ओहोळ अनेक, तेव्हा त्यांच्या काठी राहून सायक्स बनलेली कुटुंबेही अनेक असणार, असा कागदपत्रांवरून निघणारा सरळ तर्क होता. ब्रायन सायक्स आणि त्यांच्या सहकारी कॅथरीन आयर्व्हेन यांनी २००० साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला तो याच्या उलट होता. तपासलेल्या सायक्स पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांचे वाय गुणसूत्र एकाच ठशाचे निघाले आणि त्याच भागातील इतर आडनावांच्या पुरुषांत तो ठसा आढळला नाही. यावरून सातशे वर्षांपूर्वीचा कोणी एकच सायक्स हा या सर्वांचा मूळपुरुष असावा, असे अनुमान त्यांनी काढले. उरलेल्या निम्म्यांचे काय? मधल्या काळात कोठे ना कोठे बापाचे नाव आणि बापाचे रक्त यांची फारकत झाली असावी, आणि तसे मानल्यास तिचे प्रमाण पिढीमागे सरासरी १.३ टक्के पडते, असे त्यांचे गणित होते.

हा निष्कर्ष गाजला. पण शास्त्रात एका उदाहरणावर थांबता येत नाही. लेस्टर विद्यापीठातील ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आडनाव जितके विरळ तितके त्यातील रक्ताचे नाते दाट, असे त्यांना सामान्यतः आढळले. अ‍ॅटनबरोसारख्या विरळ आडनावातील बहुसंख्य पुरुष एकाच वंशाचे निघाले. उलट दोन स्मिथांमध्ये रस्त्यात भेटलेल्या कोणत्याही दोन इंग्रजांपेक्षा अधिक नाते निघाले नाही. हे स्वाभाविकच आहे. लोहार गावोगावी होता आणि प्रत्येक गावाने आपापला स्मिथ स्वतंत्रपणे निर्माण केला.

परंतु या अभ्यासाचे खरे महत्त्व दुसऱ्या एका इशाऱ्यात आहे. एका नावाचे बहुसंख्य लोक आज एका रक्ताचे असले म्हणून आरंभीही मूळपुरुष एकच होता, असे सिद्ध होत नाही. समजा, सातशे वर्षांपूर्वी एका आडनावाचे दहा परस्परांशी संबंध नसलेले पुरुष होते. त्यांपैकी कोणाला मुलीच झाल्या, कोणाची मुले साथीत गेली, कोणी अविवाहित राहिला. वीस-बावीस पिढ्यांत नऊ शाखा खुंटल्या आणि एकच फोफावली, तर आज सर्वांचे रक्त एकच दिसेल. तो मूळपुरुषाचा पराक्रम नव्हे, तो योगायोगाचा हिशेब होय. वर्तमानातील एकता हा भूतकाळातील एकतेचा पुरावा नसतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने वहीत टिपून ठेवावे असे सूत्र आहे.

आता त्या 'फारकती'कडे वळू. नाव आणि रक्त वेगळे झाले की लोकांचे मन तत्काळ कुलस्त्रीच्या चारित्र्याकडे धाव घेते. हा अन्याय आहे. दत्तक घेतलेले मूल, पहिल्या नवऱ्याचे मूल घेऊन नव्या घरात आलेली विधवा, अविवाहित मातेने आपले आडनाव दिलेला मुलगा, अशा अनेक वाटांनी नाव आणि रक्त वेगळे होते. शिवाय इंग्लंड-आयर्लंडच्या जमीनदारांत मृत्युपत्राने आडनाव मिळण्याची रूढी होती. १८०३ साली असईच्या रणभूमीवर मराठ्यांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली हे याचे ठळक उदाहरण होय. त्याचे आजोबा मूळचे रिचर्ड कॉली. १७२८ साली गॅरेट वेस्ली नावाच्या नातलगाची मालमत्ता त्यांना मिळाली आणि तिच्याबरोबर त्यांनी वेस्ली हे आडनावही घेतले. पुढे १७९८ च्या सुमारास नातवंडांनी त्याचे वेलस्ली असे भारदस्त रूप केले. ज्या नावाचा दरारा भारतात पसरला ते नाव पुरुषवंशाने आलेलेच नव्हते. इस्टेटीच्या कागदाबरोबर आले होते.

रक्ताच्या शुद्धतेचा अहंकार ज्यांना असेल त्यांनी यॉर्कशरमधील आणखी एक संशोधन पाहावे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पूर्व यॉर्कशरमधील एका दुर्मिळ आडनावाच्या, सर्वार्थाने इंग्रज दिसणाऱ्या एका गृहस्थाच्या रक्तात पश्चिम आफ्रिकेत आढळणारे वाय गुणसूत्र सापडले. त्या आडनावाचे १८ पुरुष तपासले, तेव्हा सात जणांत तेच निघाले. आफ्रिकी पूर्वजाची कसलीही कुणकुण या गृहस्थाला नव्हती. त्याच्या वंशात कित्येक पिढ्यांपूर्वी कोणी आफ्रिकी पुरुष येऊन मिसळला, त्याची संतती इंग्रज शेजाऱ्यांत वाढली आणि सर्वांना त्याचा विसर पडला. वर्णावरून माणसांची प्रतवारी लावणाऱ्यांना याहून सौम्य आणि याहून कठोर उत्तर दुसरे नसेल.

राजघराणीही या नियमाला अपवाद नाहीत. १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत मारला गेलेला तिसरा रिचर्ड याचे अवशेष २०१२ साली लेस्टर शहरात, मोटारी उभ्या करण्याच्या एका जागेखाली सापडले. मातृवंशाचा ठसा आजच्या दोन वंशजांशी जुळला आणि ओळख पटली. परंतु २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, वंशवृक्षाप्रमाणे ज्यांचे पुरुषवंशीय नाते त्याच्याशी लागावयास हवे होते, अशा पाच जणांपैकी एकाचेही वाय गुणसूत्र त्याच्याशी जुळले नाही. त्या पाचांतील एकाचे तर उरलेल्या चौघांशीही जुळले नाही. ज्या वंशवृक्षाच्या फांद्यांवर सिंहासनांचे दावे टांगले गेले, त्याच्या खोडातच कोठे तरी सांधा निघाला. म्हणून इंग्लंडचा इतिहास काही बदलत नाही. राजे राज्य करून गेले ते लोकांनी, सरदारांनी आणि सैन्याने त्यांना राजे मानले म्हणून.

यापुढे जाऊन एक साधे अंकगणितही ध्यानात घेतले पाहिजे. प्रत्येकाला दोन पालक, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. दहा पिढ्या मागे गेल्यास पूर्वजांच्या जागा होतात १,०२४. वीस पिढ्या मागे गेल्यास दहा लाखांहून अधिक. अर्थात त्यांतील अनेक जागांवर तीच माणसे पुनःपुन्हा येतात. आडनाव आणि वाय गुणसूत्र या अफाट समुदायातील फक्त एका ओळीची साक्ष देतात. बाकीच्या साऱ्या ओळी, आणि त्यांत सर्व आया, आज्या, पणज्या आल्या, या साक्षीत मुक्याच राहतात. ज्याला आपण 'आमचे घराणे' म्हणतो तो आपल्या रक्ताचा एक बारीकसा धागा असतो. वस्त्र बाकीच्या धाग्यांनी विणलेले असते.

हा केवळ पंडितांचा विषय आता राहिलेला नाही. गालाच्या आतील पापुद्र्याचा किंवा लाळेचा नमुना टपालाने पाठवून वंश तपासून देणाऱ्या कंपन्यांचा धंदा पाश्चात्त्य देशांत घरोघर पोहोचला आहे. कुतूहलाने केलेल्या चाचणीतून आपण ज्याला बाप म्हणत आलो तो जन्मदाता नाही, हे उतारवयात कळलेली माणसे आहेत. त्यांनी काय करावे? ज्याने रात्री जागून काढल्या, शाळेची फी भरली, आजारपणात उशाशी बसून राहिला, त्याचे पितृत्व एका कागदाच्या तुकड्याने रद्द व्हावे काय? शास्त्र वस्तुस्थिती सांगते. तिचा अर्थ लावण्याची जबाबदारी मात्र माणसाचीच असते.

आपल्याकडे तर आडनाव विचारण्यामागे बहुधा जात विचारण्याचा हेतू असतो, आणि जाधव, पवार, शिंदे ही आडनावे कित्येक जातींत आढळत असूनही ही सवय जात नाही. इंग्लंडमधील या संशोधनाने आडनावाला कमीपणा आणलेला नाही. उलट सातशे वर्षे एक शब्द जपून पुढच्या हाती देण्याची माणसांची चिकाटी त्याने दाखवून दिली. त्याने इतकेच सिद्ध केले की हा वारसा निसर्गाने चालविलेला नसून माणसांनी एकमेकांना आपले म्हटल्यामुळे चाललेला आहे. दत्तक आलेल्या, आश्रयाला आलेल्या, परक्या रक्ताच्या मुलालाही ज्या घराने आपले नाव दिले, त्या घराचा मोठेपणा त्या नावाच्या शुद्धतेपेक्षा निश्चितच अधिक आहे.