कॉकपिटचं दार, एका क्लिकवर!

विमान प्रवास आता नवलाचा नाही, पण कॉकपिट? 11 सप्टेंबर 2001च्या हल्ल्यांनंतर उड्डाणात ते दार आपल्यासाठी बंदच झालं.

माझ्या बाबांनी ओझरच्या एचएएलमध्ये वर्षानुवर्षं मिग जोडली, पण प्रवासी विमानाचं कॉकपिट कधी पाहिलं नव्हतं. मग रविवारी इंदिरानगरच्या घरी लॅपटॉपवर एअरबस ए-380चं 360 अंशांतलं कॉकपिट उघडलं. माउस वर नेला, की डोक्यावर बटणंच बटणं. खाली पायलटसमोर चक्क कीबोर्ड!

"अगं, दांडा कुठंय?"

खिडकीच्या बाजूला छोटीशी साइडस्टिक. तिचे इशारे तारांतून कॉम्प्युटरकडे जातात.

"आमच्याकडे लोखंडी दांड्या होत्या," बाबा हळूच म्हणाले. मग तासभर तेच बोलत होते.

या वीकेण्डला माउस बाबांच्या हाती देऊन बघा!