‘मी आहेच असा’ आणि मनाचं आरोग्य

‘मी आहेच असा, त्याला कोण काय करणार!’ हे एकदा मनात पक्कं बसलं, की मित्राने टाळलं किंवा मार्क कमी पडले, तर तो एक प्रसंग न राहता आपल्या नालायकीचा पुरावा वाटू लागतो. मग प्रयत्न खुंटतात. स्वभाव बदलतच नाही असं मानणाऱ्या किशोरांमध्ये चिंता आणि नैराश्याची लक्षणं तुलनेने जास्त आढळतात.

हा समज बदलता येतो का? अमेरिकेत जेसिका श्लायडर आणि जॉन वाइझ यांनी १२ ते १५ वयाच्या ९६ मुलांवर केलेला प्रयोग २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकावर अर्ध्या तासाचं एकच सत्र. मेंदू अनुभवाने बदलतो हे समजून घ्यायचं, मोठ्या मुलांचे अनुभव जाणून घ्यायचे आणि मग तेच एखाद्या लहान मुलाला लिहून समजवायचं. नऊ महिन्यांनी, ज्यांना हे सत्र मिळालं त्या मुलांमधली नैराश्याची लक्षणं ते न मिळालेल्या गटापेक्षा अधिक कमी झाली होती.

अर्थात, ‘बदलता येतं’ म्हणजे ‘बदलला नाहीस तर दोष तुझाच’ असं नव्हे. नुसत्या विश्वासाने आजार बरा होत नाही. उदासी दोन आठवडे हटली नाही, तर डॉक्टरांना गाठावं किंवा ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.