लेंडीतला सापळा

जंतनाशक पाजून चौदा दिवस झाले होते. माण तालुक्यातल्या एका कळपाच्या लेंड्या मी पुन्हा तपासल्या, तर जंतांची अंडी जवळजवळ आधीइतकीच. म्हाताऱ्या धनगरानं विचारलं, "डाक्टर, औषधाचं पाणी झालं का?" औषध चांगलंच होतं. पण वर्षानुवर्षं तेच पाजून, त्याला न जुमानणारे जंत तेवढे आम्ही शिल्लक ठेवले होते. आम्ही म्हणतो, कारण त्यातल्या कितीतरी मात्रा माझ्या हातच्या.

हा जंत हिमोंकस. मेंढीच्या जठरात राहून रक्त पितो. पापणी आतून पांढरी पडते, जबड्याखाली पाणी साठतं. एक मादी दिवसाला 5,000 अंडी सहज घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात, पावसाळी उबेत आठवड्याभरात अळ्या तयार होऊन गवतावर चढतात आणि चरणाऱ्या मेंढीच्या पोटात परत जातात. म्हणजे जंतांची निम्मी लढाई रानात असते आणि औषध आपण फक्त पोटात ओततो.

रानातली बाजू एक बुरशी सांभाळते : डडिंग्टोनिया फ्लॅग्रान्स. तिचे जाड कवचाचे बीजाणू खाद्यातून दिले की पोट-आतडी ओलांडून जिवंतच लेंडीत उतरतात. तिथं रुजून तंतूंची चिकट जाळी विणतात. वळवळणारी अळी चिकटली की तंतू तिच्या अंगात शिरतो आणि तिला आतून संपवतो. अशा बुरशीची शिकार जर्मनीच्या विल्हेल्म त्सोप्फ यांनी 1888 मध्येच पाहिली होती. ऑस्ट्रेलियात आता या बीजाणूंचं खाद्य विकत मिळतं. मात्रा वजनाच्या किलोमागे रोज 30,000 बीजाणू. 30 किलोच्या मेंढीला नऊ लाख.

'रोज' या शब्दापाशी मी अडतो. दावणीच्या शेळीला मूठभर भरड्यातून देता येईल, पण दिवाळीनंतर चालत निघालेल्या कळपाला कुठली गव्हाण? तरी मला आशा वाटते, कारण पावसाळ्यात हेच कळप गावच्या माळावर परततात आणि जंतांचे खरे महिने तेच. तेवढे महिने भरडा घालता आला, तर माळ हलका होईल.

पोटात आधीच बसलेल्या जंतांना ही बुरशी हात लावत नाही. म्हणून त्या म्हाताऱ्याला मी पापणी उलटून बघायला शिकवलं. पांढरी दिसेल तिलाच तो आता औषध पाजतो, लाल असेल तिला सोडून देतो.